परमुलखातील एकटे मन : इंडोनेशियाच्या अनुभवातून एक अभ्यास

कुरआनच्या सूरह यूसुफमध्ये हजरत याकूब (अ.) यांच्या दुःखाचे वर्णन आले आहे. लाडका मुलगा नजरेआड झाला, वर्षामागून वर्षे लोटली, त्याची काही वार्ता नाही. पुढे दुसऱ्या मुलाचाही वियोग घडला. त्या शोकाने त्यांचे डोळे पांढरे पडले. घरच्यांनी त्यांना हटकले की, या आठवणीपायी तुम्ही झिजून जाल. त्यावर त्यांनी आपले दुःख नाकारले नाही. आपली व्यथा आपण अल्लाहपुढेच मांडतो, असे त्यांनी सांगितले. आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी मुलांना आज्ञा केली की, जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेविषयी निराश होऊ नका.

या प्रसंगात तीन गोष्टी एकत्र आहेत. दुःखाचा स्वीकार आहे, अल्लाहपुढे गाऱ्हाणे आहे आणि उपायासाठी प्रयत्न आहे. या तिन्ही गोष्टी ज्यांच्या ठायी होत्या त्यांच्या सब्राला कुरआनने सुंदर सब्र म्हटले आहे. असे असताना आपल्या समाजात मात्र सब्र म्हणजे मुकाट्याने सोसणे, असा अर्थ रूढ झाला आहे. मनाने खचलेल्या माणसाला आपण नमाजची आठवण करून देतो, ईमान बळकट कर म्हणतो आणि आपले कर्तव्य संपले असे मानतो. नमाजची आठवण देणे योग्यच आहे. परंतु त्याचे ऐकून न घेता दिलेली आठवण त्याला अधिकच एकटे पाडते.

हा विषय समजून घेण्यासाठी आपण आज इंडोनेशियाकडे पाहणार आहोत. शिक्षणासाठी आणि रोजगारासाठी परदेशी गेलेल्या आपल्या मुलामुलींच्या मनाची काळजी कशी घ्यावी, हा प्रश्न त्या समाजापुढे फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे, आणि त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्नही तेथे झाला आहे.

परदेशी गेलेला एक मोठा समाज

इंडोनेशिया हा जगातील सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशांपैकी अग्रगण्य देश. २०२० च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या सुमारे २७ कोटी भरली. त्यांतील बहुसंख्य लोक मुस्लिम असून कोकणातील मुस्लिमांप्रमाणेच ते शाफई फिकहचे अनुयायी आहेत. सब्र, नसीहत, रिज्क, मुसाफिर हे शब्द थोड्याफार फरकाने त्यांच्याही बोलीत आहेत.

जागतिक बँकेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात परदेशी काम करणाऱ्या इंडोनेशियन लोकांची संख्या सुमारे ९० लाख असल्याचे म्हटले होते. मलेशिया, सौदी अरेबिया, तैवान, हाँगकाँग आणि सिंगापूर ही त्यांची मुख्य ठिकाणे. मलेशियात पामच्या मळ्यांत, बांधकामांवर आणि कारखान्यांत पुरुष राबतात. हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या सुमारे दीड लाख इंडोनेशियन स्त्रिया आहेत. तैवानमध्ये वृद्ध व आजारी माणसांची रात्रंदिवस सेवा करण्याचे काम त्या करतात. यांपैकी पुष्कळ जणी पूर्व जावा, मध्य जावा आणि लोम्बोक बेटावरील खेड्यांतून आलेल्या असतात, आणि अनेकींची लहान मुले गावी आजीच्या पदराखाली वाढत असतात.

दुसरा वर्ग विद्यार्थ्यांचा. कैरोच्या अल-अझहर विद्यापीठात हजारो इंडोनेशियन विद्यार्थी शिकतात. मदीना, मलेशिया, तुर्कस्तान, जपान, युरोप आणि ऑस्ट्रेलिया येथेही त्यांची संख्या मोठी आहे. अल-अझहरला जाणारा मुलगा बहुधा एखाद्या पेसांत्रेनमधून, म्हणजे वसतिगृह असलेल्या धार्मिक पाठशाळेतून आलेला असतो. त्याला निरोप देताना सगळे गाव दुआ करते, आणि तो आलिम होऊनच परतेल असे सगळे गाव धरून चालते.

मनावरचे ओझे कोठून येते?

हाँगकाँगमधील घरकामगार स्त्रीला कायद्यानुसार मालकाच्याच घरी राहावे लागते. काम संपले तरी ती कामाच्या जागेतून बाहेर पडत नाही. नोकरी सुटली तर सामान्यतः दोन आठवड्यांत देश सोडावा लागतो. अनेक जणींचे पहिल्या काही महिन्यांचे वेतन दलालाचे आणि प्रवासाचे कर्ज फेडण्यातच जाते. अशा अवस्थेत मालकीण वाईट वागली तरी तक्रार करण्याचे धैर्य होत नाही. २०१५ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने एका इंडोनेशियन तरुणीचा छळ करणाऱ्या मालकिणीला सहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा ठोठावली. त्या खटल्याने जगाला हादरविले. परंतु मारहाण नसतानाही एकटेपणा, अपुरी झोप, लेकरांची आठवण आणि घरून सतत येणारी पैशांची मागणी एवढ्या गोष्टी मनाला पोखरण्यास पुरेशा असतात.

विद्यार्थ्याचे दुःख वेगळ्या प्रकारचे असते. गावात जो सर्वांत हुशार होता, त्याला कैरोत गेल्यावर वर्गातील बोली अरबी कळत नाही. परीक्षेत तो मागे पडतो. हे तो घरी सांगू शकत नाही, कारण त्याच्या शिक्षणासाठी वडिलांनी कर्ज काढलेले असते किंवा जमीन विकलेली असते. मग तो फोन टाळू लागतो. पुढे मित्रांनाही टाळतो आणि खोलीतच पडून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला हा आळस वाटतो.

या दुःखाला शब्द मिळणे आणखी कठीण असते. इंडोनेशियात अंग मोडून आले, डोके जड झाले, पोटात कसेतरी झाले की, अंगात वारा शिरला असे म्हणण्याची जुनी रीत आहे. मनाची व्यथाही पुष्कळदा याच नावाने सांगितली जाते. आपल्याकडे छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, अंगात त्राण नाही असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. मन दुखते असे म्हणण्याची लाज वाटते, म्हणून अंग दुखते असे सांगितले जाते. त्या लाजेमागे भीतीही आहे. इंडोनेशियातील काही भागांत मनोरुग्णाला साखळीने किंवा लाकडी खोड्याने जखडून ठेवण्याची प्रथा होती. तिला पासुंग म्हणतात. १९७७ मध्ये सरकारने तिच्यावर बंदी घातली, तरी ती पूर्णपणे नाहीशी झाली नाही. जेथे वेडाचा शिक्का बसला की माणूस समाजातून उठतो, तेथे आपले मन ठीक नाही असे कोण आपण होऊन सांगेल?

मदीनेतील चार धडे

आता आपण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळाकडे वळू. हिजरत करणारे सहाबा हेही परमुलखात आलेले लोक होते, आणि त्यांच्या मनाची अवस्था हदीसच्या ग्रंथांत नोंदली गेली आहे.

पहिला प्रसंग सहीह बुखारीतील आहे. मदीनेत आल्यावर हजरत अबू बकर (रजि.) आणि हजरत बिलाल (रजि.) यांना ताप भरला. हजरत आयशा (रजि.) त्यांच्या समाचाराला गेल्या. ताप थोडा उतरला की हजरत बिलाल (रजि.) मक्केच्या खोऱ्याची, तेथील गवताची, पाणवठ्याची आणि डोंगरांची आठवण काढून काव्यपंक्ती म्हणत. ज्या मक्केत त्यांना तापलेल्या वाळूवर निजवून छळले गेले, त्याच मक्केसाठी त्यांचे मन तळमळत होते. हजरत आयशा (रजि.) यांनी ही हकीकत सांगितली तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना दोष दिला नाही. मदीना आम्हांला मक्केसारखी, किंबहुना तिच्याहून अधिक प्रिय कर आणि तिची हवा आरोग्यदायी कर, अशी दुआ त्यांनी केली. घराची ओढ लागणे हा ईमानमधील उणेपणा असता तर तो हजरत बिलाल (रजि.) यांच्या ठायी दिसला नसता.

दुसरा प्रसंग विद्यार्थ्यांचा आहे. हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) आणि त्यांचे समवयस्क तरुण मदीनेत दीन शिकण्यासाठी आले आणि सुमारे वीस रात्री राहिले. प्रेषितांना (स.) जाणवले की, या मुलांना घरची आठवण येत आहे. त्यांनी प्रत्येकाला मागे घरी कोण कोण आहे ते विचारले आणि मग सांगितले की, आपल्या घरी परत जा, त्यांच्यात राहा आणि जे शिकलात ते त्यांना शिकवा. येथे मुलांनी तक्रार केली नव्हती. शिकविणाऱ्याने त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखले, विचारपूस केली आणि वेळेवर मोकळीक दिली. आज ज्याला समुपदेशन म्हणतात त्याची सुरुवात याच कृतीने होते.

तिसरा प्रसंग हजरत सलमान फारसी (रजि.) यांचा. ते स्वतः इराणातून आलेले, गुलामगिरी भोगलेले परदेशी होते. प्रेषितांनी (स.) त्यांना आणि हजरत अबू दरदा (रजि.) यांना भाऊ-भाऊ म्हणून जोडून दिले होते. एकदा ते भावाच्या घरी गेले, तेव्हा घरच्या स्त्रीची उदास अवस्था त्यांच्या ध्यानात आली. त्यांनी कारण विचारले. हजरत अबू दरदा (रजि.) दिवसभर रोजा आणि रात्रभर नमाज यांत गढलेले होते. हजरत सलमान (रजि.) यांनी त्यांना आग्रहाने जेवू घातले, रात्री झोपावयास लावले आणि अखेरच्या प्रहरी दोघे मिळून नमाजला उभे राहिले. मग त्यांनी समजावले की, रबचा तुमच्यावर हक्क आहे, तसाच तुमच्या जिवाचा आणि कुटुंबाचाही आहे. ही गोष्ट प्रेषितांच्या (स.) कानी गेली तेव्हा त्यांनी सलमानचे म्हणणे खरे असल्याचे सांगितले.

चौथा प्रसंग सहीह मुस्लिममधील आहे आणि तो वाचताना मन हेलावते. हजरत तुफैल बिन अम्र (रजि.) यांच्यासोबत त्यांच्या जमातीतील एक माणूस हिजरत करून मदीनेत आला. तेथील हवा त्याला मानवली नाही, तो आजारी पडला आणि दुखणे असह्य होऊन त्याने स्वतःच्या हाताला इजा करून घेतली व त्यातच त्याचा अंत झाला. पुढे हजरत तुफैल (रजि.) यांनी स्वप्नात त्याला चांगल्या अवस्थेत पाहिले, मात्र त्याचे हात झाकलेले होते. हिजरतमुळे अल्लाहने आपल्याला क्षमा केली, पण हातांचे दुरुस्त झाले नाही, असे त्याने सांगितले. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्याच्या हातांसाठीही क्षमेची दुआ केली.

आत्महत्या इस्लाममध्ये हराम आहे, यात शंका नाही. अल्लाहने दिलेला जीव आपल्या मालकीचा नाही. परंतु त्याच शिकवणुकीत, परमुलखात दुखण्याने हरलेल्या माणसासाठी प्रेषितांनी (स.) हात पसरल्याचे आपण पाहतो. ज्याच्या घरात असा प्रसंग घडला त्याच्याशी आपले वर्तन कसे असावे, हे यावरून समजावे. आणि असा प्रसंग येऊ नये म्हणून आधीच धावून जाणे हे आपले अधिक मोठे कर्तव्य आहे.

मनाचा आजार आणि उपचार

उपचार करावेत काय, असे ग्रामीण अरबांनी विचारले असता प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि अल्लाहने आजारासोबत औषधही निर्माण केल्याचे सांगितले. मुस्लिम विद्वानांनी ही आज्ञा केवळ शरीरापुरती मानली नाही. हिजरी तिसऱ्या-चौथ्या शतकातील विद्वान अबू जैद अल-बल्खी (निधन इ. स. ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. त्यात राग, भीती, दुःख आणि वस्वसे यांची स्वतंत्र चर्चा आहे. दुःखाचे त्यांनी दोन प्रकार केले. एकाचे कारण ठाऊक असते, जसे जिवलगाचा वियोग किंवा धनाची हानी. दुसऱ्याचे कारण माणसाला सापडत नाही. त्याचे मूळ शरीरात असू शकते आणि त्यासाठी वैद्यकीय उपचारही लागतात. अल-बल्खींनी एक सुंदर सल्ला दिला आहे. अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यासाठी आपण घरात थोडे औषध ठेवतो, त्याप्रमाणे मन स्वस्थ असताना चांगले विचार साठवून ठेवावेत, म्हणजे वादळाच्या वेळी ते कामी येतात.

कैरोमध्ये इब्ने तुलूनने नवव्या शतकात आणि सुलतान कलावूनने १२८४ मध्ये उभारलेल्या रुग्णालयांत मनोरुग्णांचीही व्यवस्था होती. म्हणजे मनाच्या आजारासाठी तज्ज्ञाकडे जाणे ही पाश्चात्त्यांकडून आलेली नवी गोष्ट आहे, असे म्हणण्यास आधार नाही.

इंडोनेशियाने काय उभारले?

या वारशाचा धागा आधुनिक इंडोनेशियात पुढे नेणाऱ्यांत डॉ. जकिया दराजत यांचे नाव आदराने घ्यावे लागेल. १९२९ मध्ये सुमात्रा बेटावरील मिनांगकाबाऊ प्रदेशात त्यांचा जन्म झाला. कमाई आणि ज्ञान यांसाठी घर सोडून दूर जाण्याची तेथे जुनी परंपरा आहे. त्या स्वतः कैरोत शिकलेल्या परदेशी विद्यार्थिनी होत्या. तेथील ऐन शम्स विद्यापीठातून त्यांनी मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. मायदेशी परतल्यावर त्यांनी धर्म मंत्रालयात काम केले, इस्लामी उच्च शिक्षण संस्थेत अध्यापन केले, मानसिक आरोग्यावर आणि धर्माच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिले आणि त्याचबरोबर आपल्या घरीही त्रस्त माणसांना सल्ला देण्याचे काम अनेक वर्षे चालू ठेवले. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. दीनचे ज्ञान आणि मनाचे शास्त्र एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे त्यांच्या जीवनाने दाखविले. आज तेथील सरकारी इस्लामी विद्यापीठांत इस्लामी मार्गदर्शन व समुपदेशन हा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.

परदेशातील व्यवस्थेचे तीन थर दिसतात. पहिला थर समाजाचा. नहदतुल उलमा (स्थापना १९२६) आणि मुहम्मदिया (स्थापना १९१२) या दोन्ही मोठ्या संघटनांच्या शाखा मलेशिया, तैवान, हाँगकाँग आदी ठिकाणी आहेत. जकातीच्या निधीवर चालणारी दोम्पेत धुआफा ही संस्था हाँगकाँगमध्ये कामगार भगिनींसाठी काम करते. हाँगकाँगमध्ये घरकामगाराला आठवड्यातून एक दिवस सुटी देणे कायद्याने बंधनकारक आहे. रविवारी व्हिक्टोरिया पार्कमध्ये आणि मशिदींत हजारो इंडोनेशियन स्त्रिया जमतात. दर्स ऐकतात, घरचे पदार्थ वाटून खातात, एकमेकींच्या केसांत तेल घालतात, मन मोकळे करतात. मन ओतणे या अर्थाचा चुरहात असा एक लाडका शब्दच त्यांच्या भाषेत आहे. तैपेईच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या दालनातही, विशेषतः ईदच्या दिवशी, असाच मेळा भरतो. वरवर पाहता हा केवळ गप्पांचा अड्डा वाटेल. पण एखादी बहीण सलग दोन रविवार आली नाही, हे ओळखणारे कोणीतरी तेथे असते. हीच पहिली मदत होय.

विद्यार्थ्यांसाठी हे काम त्यांच्या संघटना करतात. निरनिराळ्या देशांतील इंडोनेशियन विद्यार्थ्यांची मंडळे एका जागतिक संघटनेत जोडलेली आहेत. नव्याने आलेल्यास उतरवून घेणे, खोली शोधून देणे, आजारात सोबत करणे ही कामे वरच्या वर्गातील मुले करतात. मदीनेत मुहाजिर आणि अन्सार यांच्यात जो बंधुभाव जोडला गेला होता, त्याचीच ही लहानशी प्रतिकृती.

दुसरा थर तज्ज्ञांचा. इंडोनेशियातील मानसशास्त्रज्ञांची संघटना १९५९ पासून कार्यरत आहे. मानसिक आरोग्याचा कायदा २०१४ मध्ये झाला. फोन आणि व्हिडिओ यांच्या साहाय्याने मायदेशातील समुपदेशक समुद्रापलीकडील माणसाशी त्याच्या मातृभाषेत बोलू शकतो, ही आजच्या काळाची मोठी सोय आहे. दुःख परक्या भाषेत सांगता येत नाही. ज्या भाषेत आईने निजविले त्याच भाषेत ते बाहेर पडते. तैवान सरकारनेही हे ओळखून १९५५ या क्रमांकाची परदेशी कामगारांसाठीची दूरध्वनी सेवा इंडोनेशियन भाषेतही चोवीस तास उपलब्ध केली आहे.

तिसरा थर शासनाचा. २०१७ च्या १८ क्रमांकाच्या कायद्याने प्रवासी कामगाराचे संरक्षण जाण्यापूर्वी, कामाच्या काळात आणि परतल्यानंतर अशा तिन्ही टप्प्यांवर करण्याची जबाबदारी राज्यावर टाकली. जाणाऱ्याचे वय किमान १८ असावे आणि तो शरीराने व मनाने निरोगी असावा, अशी अट त्यात आहे. २०२४ मध्ये या कामासाठी स्वतंत्र मंत्रालयही स्थापन झाले. कामगार मंत्रालयाच्या एका योजनेत तर, ज्या खेड्यांतून पुष्कळ लोक परदेशी जातात तेथे मागे राहिलेल्या मुलांच्या संगोपनासाठी सामुदायिक व्यवस्था करण्याचाही समावेश आहे. मन एकट्या प्रवाशाचेच दुखत नाही, मागे राहिलेल्या लेकराचेही दुखते, याची ही कबुली आहे.

या व्यवस्थेत उणिवा आहेत. जे दलालामार्फत कागदपत्रांविना जातात, ते या जाळ्याबाहेर राहतात. ज्या घरकामगार स्त्रीला सुटीच मिळत नाही, तिच्यापर्यंत मशीद पोहोचत नाही. तैवानमधील घरगुती सेविकांना तेथील मूळ कामगार कायद्याचे संरक्षण नसल्याने त्यांची सुटी मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहते. म्हणून समुपदेशन हे न्यायाची जागा घेऊ शकत नाही. ज्याचे वेतन अडवून ठेवले आहे त्याला केवळ सब्राचा उपदेश करणे म्हणजे जुलूम करणाऱ्यास साहाय्य करण्यासारखे आहे. घाम वाळण्यापूर्वी मजुराची मजुरी देण्याची शिकवण ज्या दीनने दिली, त्याचे अनुयायी या बाबतीत गप्प राहू शकत नाहीत.

ऐकणाऱ्याचे शिष्टाचार

इमाम, शिक्षक, वडीलधारे किंवा मित्र, ज्याच्याकडे कोणी मन मोकळे करील त्याने काही गोष्टी पाळाव्यात.

पहिली गोष्ट, आधी पूर्ण ऐकावे, उपदेश नंतर करावा. दुसरी, ऐकलेले ही अमानत आहे. एखाद्याचे दुःख चार लोकांत सांगणे ही खयानत होय. तिसरी, खोदून खोदून दोष शोधू नयेत. कुरआनने टेहळणी करण्यास मनाई केली आहे. चौथी, तुझ्याहून अधिक दुःखी लोक आहेत, असे म्हणून त्याचे दुःख हलके लेखू नये. पाचवी, आपली मर्यादा ओळखावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली असेल, अन्न जात नसेल, कशातच मन लागत नसेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि जगण्यात अर्थ नाही असे कोणी बोलला, तर त्याला एकटे न सोडता लगेच मदत मिळवावी. असे थेट विचारल्याने मरणाचा विचार मनात भरतो, हा समज चुकीचा आहे. विचारल्याने माणसाला बोलण्याची वाट मिळते. अजकार आणि दुआ औषधासोबत चालू ठेवावीत. प्रेषित (स.) स्वतः चिंता आणि दुःख यांपासून अल्लाहचा आश्रय मागत असत.

आपल्या घरांसाठी

रत्नागिरी आणि रायगड जिल्ह्यांतील किती तरी घरांचा कर्ता पुरुष कुवेत, कतार, दुबई किंवा सौदी अरेबियात आहे. कित्येकांची मुले शिक्षणासाठी परगावी, परदेशी आहेत. त्यांच्या बाबतीत आपण काही ठरवू शकतो.

फोनवर पैसे केव्हा येणार हा प्रश्न पहिला नसावा. जेवलास का, झोप लागते का, बोलायला कोणी आहे का, हे आधी विचारावे. घराचे, लग्नाचे, गाडीचे खर्च त्याच्या क्षमतेप्रमाणे ठेवावेत. गावातील मानासाठी त्याच्या मुदतीत वर्षामागून वर्षे वाढवू नयेत. हजरत उमर (रजि.) यांनी सैनिकांच्या पत्नींचे विरहदुःख जाणून, घरापासून दूर राहण्याच्या काळाला मर्यादा घातली होती. काही रिवायतींत ती चार महिन्यांची, काहींत सहा महिन्यांची सांगितली आहे. मुलगा शिक्षण अर्धवट सोडून परत आला, तर त्याला दार उघडे असावे. हरून आलास असे न म्हणता सलामत आलास असे म्हणावे.

जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासी या दोघांचा उल्लेख कुरआनने केला आहे. परदेशात अडकलेल्या कामगाराच्या सुटकेसाठी हा निधी कसा वापरता येईल, याविषयी आपल्या जमातींनी उलमांशी विचारविनिमय करावा. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी एक क्रमांक लिहून ठेवता येईल. भारत सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतही बोलता येते. परदेशी असलेल्या माणसाने अडचणीच्या वेळी भारतीय वकिलातीशी संपर्क साधावा. तिचा क्रमांक त्याच्यापाशी आणि घरच्यांपाशी दोन्हीकडे लिहिलेला असावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. हजरत याकूब (अ.) यांच्या सब्रात कोणत्या तीन गोष्टी होत्या? आपण त्यांपैकी कोणती विसरतो?

२. हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांच्या प्रसंगात मुलांनी न सांगताही त्यांचे मन कसे ओळखले गेले? आपल्या घरातील कोणाचे मन असे ओळखण्याची गरज आहे?

३. आपल्या मोहल्ल्यातील परदेशी गेलेल्या माणसांची आणि त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांची विचारपूस कोण करते? हे काम कोणाकडे सोपविता येईल?

४. परतलेल्या माणसाला आपण प्रथम काय विचारतो: किती कमावले, की कसा आहेस?

अल्लाह परमुलखातील आपल्या सर्व भावा-बहिणींच्या मनाला शांती देवो, त्यांच्या घरच्यांना दिलासा देवो, आणि त्यांचे ऐकून घेणारे कान व त्यांना आधार देणारे हात आपल्यातून निर्माण करो. आमीन.